चिडखोर आतड्यांचा विकार : समज, आहार आणि आधार

ताप आला किंवा हात मोडला, तर माणूस ती गोष्ट चारचौघांत सांगतो. कामावर निघण्यापूर्वी तीन वेळा शौचास जावे लागते, किंवा चार चार दिवस पोट साफ होत नाही, ही गोष्ट मात्र तो घरच्या माणसांनाही सांगण्यास संकोचतो. या संकोचामुळे एका व्यापक विकाराकडे समाजाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वैद्यकशास्त्रात 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' किंवा संक्षेपाने 'आयबीएस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारास मराठीत 'चिडखोर आतड्यांचा विकार' असे म्हणता येईल. हा विकार जीवघेणा नाही व त्यामुळे आयुष्य कमी होत नाही. तथापि तो वर्षानुवर्षे सोबत राहतो आणि योग्य माहितीच्या अभावी माणसाचे काम, प्रवास, जेवणखाण, झोप व मनःस्वास्थ्य या सर्वांवर त्याची छाया पडते. कचेरीतील कर्मचारी, शाळेतील शिक्षक व विद्यार्थी, शेतावर राबणाऱ्या स्त्रिया, एसटीने रोज ये-जा करणारे नोकरदार अशा सर्व थरांत या विकाराने त्रासलेली माणसे आढळतात. सबब त्याचे स्वरूप, त्याविषयीचे गैरसमज आणि त्याच्यासह नीट जगण्याचे मार्ग समजून घेणे अगत्याचे आहे.

विकाराचे स्वरूप

या विकाराचे मुख्य लक्षण म्हणजे वारंवार होणारी पोटदुखी. ही पोटदुखी शौचाशी निगडित असते. काहींना शौचास जाऊन आल्यावर बरे वाटते, तर काहींची कळ उलट वाढते. त्याबरोबरच शौचाची वेळ व संख्या बदलते आणि मलाचे स्वरूपही बदलते. पोट फुगणे, पोट पूर्ण साफ न झाल्यासारखे वाटणे, जेवण होताच शौचास धावावे लागणे, मलावाटे बुळबुळीत आव पडणे ही इतर लक्षणे होत. काही रुग्णांत बद्धकोष्ठाचा जोर असतो, काहींत जुलाबांचा, तर काहींचे पोट कधी या टोकाला तर कधी त्या टोकाला जाते.

केवळ लक्षणांवरून हा विकार ओळखता यावा, यासाठी १९७८ साली ब्रिटनमधील डॉ. मॅनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निकष मांडले. पुढे रोम येथे सुरू झालेल्या तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून 'रोम निकष' तयार झाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या रोम निकषांनुसार मागील ३ महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान १ दिवस पोटदुखी असणे आवश्यक मानले आहे. ही पोटदुखी शौचाशी संबंधित असणे, शौचाच्या संख्येत बदल होणे आणि मलाच्या स्वरूपात बदल होणे, या तीनपैकी किमान दोन गोष्टी तिच्यासोबत असाव्या लागतात. शिवाय तक्रारीची सुरुवात निदानापूर्वी किमान ६ महिने आधी झालेली असावी लागते. एका रात्रीच्या लग्नाच्या जेवणाने बिघडलेले पोट या व्याख्येत बसत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

विकाराचा प्रसार किती आहे, याविषयी आपल्या देशात पाहणी झालेली आहे. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या संस्थेच्या कार्यगटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, समाजातील ४,५०० व्यक्तींच्या पाहणीत ४.२ टक्के लोकांना हा विकार असल्याचे नमूद केले आहे. समाजात हे प्रमाण स्त्रिया व पुरुष यांच्यात जवळजवळ सारखे आढळले. रुग्णालयात आलेल्या रुग्णांत मात्र पुरुषांची संख्या बरीच अधिक होती. त्रास दोघांना सारखाच असताना दवाखान्याची पायरी स्त्रिया कमी चढतात, असाच याचा अर्थ संभवतो. घरातील स्त्रीचे पोटाचे दुखणे हे 'नेहमीचेच' समजून दुर्लक्षिले जाते, या वस्तुस्थितीशी हे आकडे जुळणारे आहेत.

पोट आणि मन

या विकारात दुर्बिणीने आतडे तपासले तर व्रण दिसत नाही, सूज दिसत नाही आणि रक्ताच्या तपासण्याही बहुधा निर्दोष येतात. त्यामुळे 'तुम्हाला काहीच झालेले नाही' हे वाक्य रुग्णाच्या वाट्याला वारंवार येते. पुढे त्याच्या दुखण्याला 'मनाचे खेळ' किंवा 'कामचुकारपणा' ही नावे मिळतात. वस्तुतः दोष आतड्याच्या रचनेत नसून त्याच्या कार्यात असतो, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही.

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे असते. अन्न पुढे ढकलणे, रस पाझरणे, पाणी शोषणे ही कामे हे जाळे बव्हंशी स्वतंत्रपणे चालविते आणि त्याच वेळी मेंदूशी अखंड संपर्क राखते. शरीरातील सिरोटोनिन या द्रव्यापैकी सुमारे ९० टक्के द्रव्य पचनमार्गातच असते. चिडखोर आतड्यांच्या विकारात मेंदू व आतडे यांच्यातील या संदेशवहनाचा तोल ढळतो. आतड्याची हालचाल कधी अतिवेगाने तर कधी अतिमंद होते. शिवाय इतरांना जाणवणारही नाही इतका वायू किंवा ताण या रुग्णाला वेदना म्हणून जाणवतो. १९७३ साली ब्रिटनमध्ये डॉ. रिची यांनी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात लहान फुगा फुगवून प्रयोग केले. तेव्हा निरोगी माणसांना ज्या आकारमानाला त्रास झाला नाही, त्याच आकारमानाला या विकाराच्या बऱ्याच रुग्णांना वेदना झाल्याचे दिसून आले. रुग्ण वेदनेचा बाऊ करीत नाही, त्याच्या आतड्याची जाणीवच अधिक तीव्र असते, हा या संशोधनाचा बोध होय.

पोट आणि मन यांचे हे नाते मराठी भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात खड्डा पडतो, काळजीने पोटात कालवते. परीक्षेच्या दिवशी सकाळी शौचालयाकडे धावणारा विद्यार्थी ढोंग करीत नसतो. हेच नाते या विकारात कायमचे ताणलेले राहते. मानसिक ताण हे सर्व रुग्णांतील मूळ कारण नव्हे. परंतु ताणाने लक्षणे वाढतात आणि वाढलेल्या लक्षणांनी ताण वाढतो, असे दुष्टचक्र मात्र अनेकांच्या बाबतीत सुरू होते.

एका नगराचा धडा

काही जणांच्या बाबतीत या विकाराची सुरुवात दूषित पाण्याने वा अन्नाने झालेल्या जुलाबांच्या आजारातून होते. जंतू नाहीसे होतात, ताप उतरतो, पण आतडे पूर्ववत होत नाही. अशा संसर्गानंतर साधारणतः दहांपैकी एका रुग्णाला हा विकार जडतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास सांगतात. याचे सर्वाधिक बोलके उदाहरण कॅनडाच्या आँटारिओ प्रांतातील वॉकर्टन या सुमारे ५,००० वस्तीच्या नगराचे आहे.

मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला. जवळच्या शेतातील शेणखतातील जंतू पावसाच्या पाण्याबरोबर नगराच्या एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे मिसळले जात नव्हते. पाण्यात किती क्लोरीन शिल्लक राहिले याची रोजची तपासणी न करताच नोंदवहीत आकडे भरले जात होते. परिणामी सुमारे २,३०० लोक आजारी पडले व ७ जणांना प्राण गमवावे लागले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ साली दिलेल्या अहवालात या हलगर्जीपणाचा तपशील नोंदविलेला आहे.

या दुर्घटनेची कथा मृत्यूंच्या आकड्यापाशी संपली नाही. संशोधकांनी त्या नगरातील दोन हजारांहून अधिक रहिवाशांची पुढे दोन-तीन वर्षांनी तपासणी केली. साथीत आजारी न पडलेल्यांपैकी १०.१ टक्के लोकांत चिडखोर आतड्यांची लक्षणे होती. आजारी पडल्याचे स्वतः सांगणाऱ्यांत हे प्रमाण २७.५ टक्के, तर ज्यांच्या आजाराला वैद्यकीय पुष्टी होती अशांत ते ३६.२ टक्के आढळले. आठ वर्षांनंतरही साथीत सापडलेल्यांत हे प्रमाण १५.४ टक्के, तर न सापडलेल्यांत ५.४ टक्के होते. म्हणजे पाणीपुरवठ्यातील काही दिवसांच्या निष्काळजीपणाची किंमत शेकडो कुटुंबे अनेक वर्षे मोजत राहिली.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींसाठी हा धडा दूरचा नाही. गावोगावी जलसुरक्षक विहिरीत व टाकीत टीसीएल पावडर टाकतो, ओटी चाचणीने नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासतो व त्याची नोंद ठेवतो. पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता-पाहणी होऊन ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवा. ही तपासणी प्रत्यक्ष होते की केवळ वहीत होते, याकडे सरपंच व सदस्यांनी लक्ष पुरविले, तर ते गॅस्ट्रोची साथ टाळतातच. शिवाय साथीनंतर वर्षानुवर्षे रेंगाळणारे पोटाचे दुखणेही टाळतात.

आव, संग्रहणी आणि इतर समजुती

आपल्याकडे दीर्घकाळच्या पोटदुखीला 'जुनी आव' म्हणण्याचा प्रघात आहे. मलात आव दिसली की अमिबाचा संसर्ग असणारच, असे गृहीत धरून त्यावरील गोळ्यांचे एकामागून एक क्रम घेतले जातात. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. वास्तविक चिडखोर आतड्यांच्या विकारातही आव पडते. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली रोगकारक अमिबासारखाच दिसणारा, पण रोग न करणारा दुसरा अमिबा अनेकांच्या आतड्यात सुखेनैव राहत असतो. हे दोन निराळे जीव असल्याचे १९९३ साली शास्त्रीयदृष्ट्या निश्चित करण्यात आले. तेव्हा तपासणीच्या कागदावर अमिबाचे नाव आले म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच, असे होत नाही. अकारण घेतलेली जंतुनाशके आतड्यातील उपयुक्त जंतूंचाही तोल बिघडवितात.

आयुर्वेदात ग्रहणी या विकाराचे विवेचन प्राचीन काळापासून आढळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. मराठीतील 'संग्रहणी' हा शब्द त्याच परंपरेतला. मल कधी घट्ट तर कधी पातळ होणे, हे ग्रहणीचे वर्णन या विकाराशी जुळते. तथापि दोन्ही शास्त्रांची परिभाषा व रोगकल्पना भिन्न असल्याने हे दोन विकार एकच आहेत असे मानणे योग्य होणार नाही. रुग्णाने कोणत्याही पद्धतीचे उपचार घ्यावेत, परंतु शिकलेल्या वैद्याकडून वा डॉक्टरांकडून घ्यावेत, हे इष्ट. भिंतीवरील जाहिरातीतून 'पोटाचे सर्व विकार मुळापासून बरे' करण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहावे.

आणखी एक भीती अनेकांना आतून पोखरते, ती कर्करोगाची. चिडखोर आतड्यांच्या विकाराचे रूपांतर कर्करोगात होत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगता येते.

दुर्लक्ष करू नये अशा खुणा

पोटाच्या प्रत्येक तक्रारीला हेच नाव देणे मात्र धोक्याचे आहे. मलावाटे रक्त पडणे, कारण नसताना वजन घटणे, अंगात बारीक ताप राहणे, रक्तक्षय होणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब होणे, पोटात गाठ हाताला लागणे, पन्नाशीच्या आसपास प्रथमच अशा तक्रारी सुरू होणे, किंवा कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. आतड्याचा क्षय, आतड्यास सूज आणणारे दीर्घकालीन विकार, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक विकार, थायरॉइडचे दोष, यांची लक्षणे काही अंशी सारखी असू शकतात. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण पाहता त्याची शक्यता ध्यानात ठेवणे अधिकच अगत्याचे ठरते.

धोक्याच्या खुणा नसतील, तर रक्ताच्या व मलाच्या मोजक्या तपासण्या पुरतात. एकदा निदान झाल्यावर दर वर्षी नवा डॉक्टर, नवी दुर्बीण-तपासणी, नवा खर्च या मार्गाने जाण्यात लाभ नाही. एकाच डॉक्टरांशी दीर्घकाळ संपर्क ठेवणे अधिक हितावह होय.

आहार : वर्ज्य काय, ग्राह्य काय

या विकारात सर्वांना लागू पडेल असा एक आहार नाही. एकाला जे बाधते ते दुसऱ्याला मानवते. म्हणून पहिली पायरी म्हणजे दोन-तीन आठवडे साधी टिपणवही ठेवणे. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, शौच केव्हा व कशा स्वरूपाचे झाले, झोप किती झाली, त्या दिवशी काही विशेष ताण होता काय, एवढेच तिच्यात लिहावे. मलाचे स्वरूप नोंदविण्यासाठी ब्रिस्टल येथे तयार झालेली व १९९७ साली प्रसिद्ध झालेली सात प्रकारांची मोजपट्टी जगभर वापरतात. तिच्यात शेळीच्या लेंड्यांसारखा कठीण मल हा पहिला प्रकार, मऊ व सलग मल हा चौथा आणि पाण्यासारखा पातळ मल हा सातवा प्रकार मानला जातो. आजाराबद्दल बोलण्याचा संकोच वाटणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांपुढे नुसता आकडा सांगणेही सोपे जाते.

जेवणाच्या वेळा नियमित ठेवणे, घाईघाईने न जेवणे, दिवसभर पुरेसे पाणी पिणे, चहा-कॉफी तीन कपांच्या आत ठेवणे, तळलेले व अतितिखट पदार्थ, मद्य आणि बाटलीतील फसफसणारी पेये कमी करणे, या साध्या उपायांनीच अनेकांना उतार पडतो. उपाशीपोटी चहावर दुपार काढायची आणि रात्री एकदम भरपेट जेवायचे, हा फिरतीच्या नोकरीतील परिपाठ या विकाराला पोषक ठरतो. जेवण पोटात जाताच मोठ्या आतड्याची हालचाल वाढणे हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. जेवण जितके जड, तितकी ही हालचाल जोराची.

याहून पुढची पायरी ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी दाखविली. २००५ साली त्यांनी 'फॉडमॅप' ही संज्ञा रूढ केली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही शर्करा मोठ्या आतड्यात जातात, तेथे पाणी ओढून घेतात आणि जंतूंमुळे आंबून वायू निर्माण करतात. अशा शर्करांचा हा गट होय. मराठी स्वयंपाकघराच्या दृष्टीने पाहिले तर कांदा, लसूण व गहू, हरभरा, राजमा व मटकी यांसारखी कडधान्ये, दूध, फ्लॉवर, आंबा, सीताफळ, कलिंगड, सफरचंद व मध हे पदार्थ या गटात येतात. उलटपक्षी तांदूळ, ज्वारीची भाकरी, गाजर, भेंडी, पडवळ, काकडी, संत्रे, पपई हे पदार्थ योग्य प्रमाणात बहुतेकांना मानवतात. मुगाची डाळ बेताने खाल्ल्यास इतर डाळींहून सोसते. कांदा-लसणाऐवजी हिंग, आले व जिरे यांची फोडणी चव राखते. ज्यांना दूध पचत नाही, अशांपैकी पुष्कळांना थोडे दही किंवा ताक चालते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे पदार्थ कायमचे वर्ज्य करावयाचे नसतात. चार ते सहा आठवडे ते बाजूला ठेवून पाहावेत. लक्षणे कमी झाली, तर एकेक पदार्थ तीन-तीन दिवस थोड्या थोड्या प्रमाणात परत घेऊन कोणता बाधतो ते ओळखावे आणि तेवढाच मर्यादित ठेवावा. सर्वच डाळी, दूध व फळे सोडून बसलेला माणूस अशक्त होतो आणि घरातही एकटा पडतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया व आधीच कृश असलेल्या व्यक्तींनी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून हा प्रयोग करू नये.

चोथ्याविषयीही विवेक हवा. 'कोंडा खा म्हणजे पोट साफ होईल' हा सरसकट सल्ला या विकारात उपयोगी पडत नाही. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इसबगोलाने आराम पडल्याचे दिसले, तर गव्हाचा कोंडा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्रास वाढल्यामुळे तो सोडून दिला. आपल्या शेजारच्या गुजरात राज्यात पिकणारा आणि उंझा येथील बाजारपेठेतून जगभर जाणारा इसबगोल हा या दृष्टीने स्वस्त व निर्धोक उपाय होय. सुरुवात एका लहान चमच्याने करावी, भरपूर पाण्याबरोबर घ्यावा आणि प्रमाण हळूहळू वाढवावे.

औषधे आणि मनाची साथ

औषधे लक्षणांनुसार ठरतात. कळ थांबविण्यासाठी आतड्याचे आकुंचन शिथिल करणारी औषधे व पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, जुलाबांवर लोपेरामाइड, बद्धकोष्ठावर सौम्य रेचके दिली जातात. एवढ्याने आराम न पडल्यास ॲमिट्रिप्टिलीन हे औषध अत्यल्प मात्रेत दिले जाते. ते मूळचे नैराश्यावरचे औषध असल्याने रुग्ण दचकतो. 'आपल्याला वेड्यात काढले' असे त्यास वाटते. वास्तविक या अल्प मात्रेत ते आतडे व मेंदू यांमधील वेदनेचे संदेश मंद करते. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १० ते ३० मिलिग्रॅम मात्रेने सहा महिन्यांत लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे आढळले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे आहे, हे सांगणे न लगे.

मनोपचारांचा उपयोगही सिद्ध झालेला आहे. मँचेस्टर येथील डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली, इतर उपायांनी बरे न वाटलेल्या रुग्णांना संमोहन-उपचाराने लाभ झाल्याचे दाखविले. विचार व वर्तन यांत बदल घडविणारी समुपदेशन-पद्धतीही उपयुक्त ठरते. खेड्यापाड्यांत अशा सोयी सहजी मिळत नाहीत. परंतु रोज अर्धा तास चालणे, सोपी योगासने, मंद व दीर्घ श्वसन, रात्रीची पुरेशी झोप हे उपाय प्रत्येकाच्या आवाक्यातील आहेत आणि त्यांचा गुण अनेकांना येतो.

कचेरी, शाळा आणि प्रवास

या विकारात खरे बंधन येते ते वेदनेपेक्षा अनिश्चिततेचे. प्रवासात शौचालय मिळेल काय, सभेतून मध्येच उठावे लागेल काय, वर्ग चालू असताना कळ आली तर काय करावे, या चिंतेने माणूस हळूहळू समारंभ टाळू लागतो, बदलीला घाबरतो, बढतीही नाकारतो. पहाटेच्या एसटीने जाणारी एखादी शिक्षिका आदल्या संध्याकाळपासून जेवत नाही आणि शाळेत पोचेपर्यंत पाणीही पीत नाही, कारण वाटेत स्त्रियांसाठी शौचालय नसते. उपाशी राहिल्याने तिचे दुखणे कमी होत नाही, वाढते.

रुग्णाने स्वतः काही योजना करता येते. निघण्याच्या वेळेपेक्षा तासभर लवकर उठावे व न्याहारीनंतर शौचासाठी निवांत वेळ ठेवावा. प्रवासापूर्वीचे जेवण हलके असावे. वाटेतील शौचालयांची माहिती करून घ्यावी. डॉक्टरांनी सांगितलेले औषध व कपड्यांचा एक जोड पिशवीत असू द्यावा. विश्वासातील एका सहकाऱ्याला आपली अडचण सांगून ठेवावी. एवढ्यानेही मनावरील निम्मे ओझे उतरते.

उरलेले ओझे उतरविणे मात्र इतरांच्या हाती आहे. इंग्लंडमध्ये अशा रुग्णांची संस्था त्यांना एक छोटे कार्ड देते. ते दाखविताच दुकानदार वा कर्मचारी अधिक प्रश्न न विचारता शौचालयाची वाट दाखवितो. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००५ साली अशा रुग्णांना तातडीच्या वेळी दुकानातील कर्मचाऱ्यांचे शौचालय वापरू देण्याचा कायदा केला. आपल्याकडे कार्यालयप्रमुखाने निराळा कायदा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यालयातील शौचालयाला कुलूप नसावे, तेथे पाणी असावे, दाराची कडी नीट लागावी, स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय असावी, आणि सभेतून उठून जाणाऱ्यास कारण विचारले जाऊ नये, एवढी व्यवस्था त्याच्या अखत्यारीत असते. या विकाराच्या रुग्णास दाराजवळची जागा देण्यास खर्च येत नाही.

शाळांच्या बाबतीत शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली आहेत. ती वापरण्यायोग्य ठेवणे ही पुढची जबाबदारी होय. 'पोट दुखते' म्हणणारे प्रत्येक मूल अभ्यास चुकवीत नसते. हा विकार मुलांतही आढळतो. शौचास जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलास वर्गासमोर टोकले, तर ते मूल पुढे वेग दाबून ठेवू लागते आणि त्यातून बद्धकोष्ठ व पोटदुखी बळावते. ठरावीक मूल वारंवार पोटदुखीने गैरहजर राहत असेल, तर पालकांशी एकांतात बोलून त्याची तपासणी करवून घेणे हे शिक्षकाचे खरे साहाय्य ठरेल.

घराघरांत अलीकडच्या काळात शौचालये झाली. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने त्या कामास गती दिली. तथापि बाजाराच्या गावी, बसथांब्यावर, आठवडी बाजारात व यात्रेच्या ठिकाणी स्वच्छ, उजेडाचे आणि पाण्याची सोय असलेले शौचालय असणे ही या रुग्णांची तितकीच निकडीची गरज आहे. तिचा लाभ मधुमेही, वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले या सर्वांनाच होईल.

चिडखोर आतड्यांचा विकार पूर्णपणे नाहीसा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. तो कधी महिनोन्महिने शांत राहतो, कधी पुन्हा डोके वर काढतो. परंतु योग्य निदान, मनातील भीतीचे निराकरण, स्वतःच्या पोटाला अनुसरून ठरविलेला आहार आणि भोवतालच्या माणसांचा समंजसपणा, या चार गोष्टी लाभल्या तर रुग्ण आपले काम व संसार नीट पार पाडू शकतो. यांतील पहिल्या तीन गोष्टी रुग्ण व त्याचे डॉक्टर यांनी करावयाच्या आहेत. चौथी गोष्ट, आणि तिच्या जोडीला शुद्ध पाणी व स्वच्छ शौचालय, ही मात्र ग्रामपंचायत, शाळा व कार्यालय यांच्याकडून त्यास मिळावयास हवी.